गावाचा होकार

‘यजमान’ हा शब्द मूळचा यज्ञातला. जो यज्ञ करवतो, त्यासाठी द्रव्य वेचतो आणि दक्षिणा देतो, तो यजमान. पुढे या शब्दाला घरधनी, पती असे अर्थ चिकटले. पाहुण्यांचे आदरातिथ्य करणारा या अर्थाने आपण तो आज सर्रास वापरतो. तरी त्यातला मूळ भाव सुटलेला नाही : यजमान स्वतःच्या पदरचे देतो. ‘अतिथी’ या शब्दाची प्रचलित फोडही अशीच बोलकी आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. देणारा आपले देतो आणि येणारा अवचित येतो, या दोन कल्पनांवर आपले आतिथ्याचे नीतिशास्त्र उभे आहे.

एका घरापुरते हे शास्त्र पुरेसे आहे. परंतु यजमान एखादे घर नसून सबंध गाव असेल तर? आणि पाहुणे अवचित येणारे नसून, तिथी पाहून, तिकीट काढून, हजारोंच्या संख्येने येणारे असतील तर? मग पदरचे कोण देतो आणि कोणाच्या पदरचे देतो? ‘या’ असे गावाच्या वतीने म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? या प्रश्नाचा विचार येथे मुख्यतः तीन परदेशी गावांच्या उदाहरणांवरून करावयाचा आहे. मात्र हा प्रश्न परदेशी नाही, हे पुढे ओघाने दिसेलच.

पहिले उदाहरण ऑस्ट्रेलियातले. ज्याला ‘कंट्री’ संगीत म्हणतात, ते अमेरिकेच्या दक्षिण भागातील डोंगराळ वस्त्यांत आणि शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घरांत वाढलेले गाणे. गिटार, बँजो आणि व्हायोलिन ही त्याची वाद्ये. शेतीभाती, प्रवास, विरह, देवावरचा विश्वास आणि दारूचे दुःख हे त्याचे विषय. १९२० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांनी ते घराघरांत नेले. ऑस्ट्रेलियातील गुराखी आणि पशुपालक यांनी ते आपलेसे केले व आपल्या माळरानांची गाणी त्यात गायली. क्वीन्सलंड राज्यात ब्रिस्बेनच्या उत्तरेस जिम्पी नावाचे गाव आहे. १८६७ साली तेथे सोने सापडले आणि गाव वसले. सोने सरल्यावर ते शेती, पशुपालन व इमारती लाकूड यांवर जगू लागले. या परिसरात वेब आडनावाचे तिघे भाऊ गुरे राखीत आणि गाणीही गात. १९८२ साली त्यांनी आपल्याच गोठ्यारानात गाण्याचा मेळा भरवला. एपेक्स या तरुणांच्या सेवाभावी संस्थेची स्थानिक शाखा त्यांच्या साहाय्याला होती आणि लोकोपयोगी कामांसाठी निधी जमवणे हा मेळ्याचा एक उद्देश होता. १९८५ पासून हा मेळा अमामूर क्रीक या सरकारी वनक्षेत्रात भरू लागला. त्याचे नाव ‘जिम्पी मस्टर’.

आपल्याकडे ‘मस्टर’ म्हटले की कचेरीतला किंवा रोजगार हमीच्या कामावरचा हजेरीपट आठवतो. ऑस्ट्रेलियन पशुपालकाच्या तोंडी मात्र मस्टर म्हणजे रानोमाळ पांगलेली गुरे हाकून एका ठिकाणी आणणे. हे काम एकट्याचे नव्हे. त्याला शेजाऱ्यांची घोडी, कुत्री आणि माणसे लागतात. मेळ्याला हे नाव देणाऱ्यांनी कदाचित गमतीनेच ते दिले असेल. परंतु त्या नावात मेळ्याची रीतही आली आहे. मेळ्यातील पुष्कळशी कामे परिसरातील संस्थांचे स्वयंसेवक करतात आणि मिळकतीचा वाटा त्या संस्थांकडे जातो.

अशा मेळ्याची तयारी म्हणजे काय, याची कल्पना शहरात बसून तिकीट काढणाऱ्याला सहसा नसते. रानात काही दिवसांपुरते एक गाव वसवायचे असते. पिण्याचे पाणी, शौचकूप, वीज, दवाखाना, आगीपासून बंदोबस्त, येण्याचा रस्ता आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवावयाचा दुसरा रस्ता, कचरा उचलण्याची सोय, पाऊस आला तर रुतलेल्या गाड्या ओढून काढणारे ट्रॅक्टर. यांतली एकही गोष्ट गाण्याची नाही. पाहुण्याला गाणे आठवते. गावाला मेळ्याआधीचे आणि मेळ्यानंतरचे आठवडे आठवतात. म्हणूनच या तयारीत कोण राबतो आणि त्या राबण्याचे फळ कोणाच्या हाती पडते, हा व्यवस्थेचा प्रश्न असला तरी त्याच्या तळाशी नीतीचा प्रश्न आहे. ‘गाव करी ते राव काय करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. जिम्पीचा मेळा तिघा भावांच्या रानात सुरू झाला, पण तो टिकला गावामुळे. ज्याला त्रास व्हायचा, त्याचाच हात तयारीत होता आणि त्याच्याच संस्थेला लाभ होता. अशा ठिकाणी होकार वेगळा विचारावा लागत नाही असे नव्हे. पण तो कामातूनच मिळत जातो.

याच्या अगदी उलट चित्र अमेरिकेतील बेथेलचे. ज्या मेळ्याला जग ‘वूडस्टॉक’ म्हणून ओळखते, तो वूडस्टॉक गावी झालाच नाही. तो कंट्री संगीताचाही नव्हता, प्रामुख्याने रॉक संगीताचा होता. पण खेड्याने महामेळ्याला जागा द्यावी की नाही, हा प्रश्न तेथे जेवढ्या उघडपणे उभा राहिला तेवढा क्वचितच अन्यत्र राहिला असेल. आयोजकांनी आधी न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल येथे जागा घेतली होती. तेथील रहिवाशांनी विरोध केला, मोठ्या जमावांना परवाना लागेल असा स्थानिक नियम झाला आणि १५ जुलै १९६९ रोजी परवानगी नाकारली गेली. मेळा १५ ऑगस्टला सुरू व्हायचा होता. हातात महिना उरला. तेव्हा बेथेल येथील मॅक्स यासगर या दुग्धव्यावसायिकाने आपले सहाशे एकरांचे रान भाड्याने दिले. बेथेलची लोकसंख्या चार हजारांच्या आत. आयोजकांनी तेथे पन्नास हजारांच्या आसपास लोक येतील असे सांगितले होते. आगाऊ तिकिटे मात्र पावणेदोन लाखांहून अधिक विकली गेली होती आणि प्रत्यक्षात सुमारे चार लाख लोक आले. महिन्याभरात कुंपण पुरे झाले नाही, तिकिटाच्या खिडक्या उभ्या राहिल्या नाहीत, रस्ते तुंबले, अन्न-पाणी अपुरे पडले. सतरा वर्षांचा एक मुलगा शेतात झोपला असताना ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावला.

यासगर यांना आपण काय म्हणावे? ते साधे व्यापारी नव्हते. त्यांचे दूध घेऊ नका, असे फलक गावात लागले. त्यामुळे ते डगमगले नाहीत, उलट त्यांचा निश्चय अधिक पक्का झाला असे सांगतात. तरुणांचे केस, कपडे आणि मते त्यांना पटत नव्हती; तरी त्यांना एकत्र जमण्याचा अधिकार आहे, असे ते मानीत. पाण्यासाठी पैसे मागितले जात आहेत हे कळल्यावर त्यांनी पाणी फुकट दिले. हे सारे एका मोठ्या मनाच्या यजमानाला शोभणारे होते. पण यजमान स्वतःच्या पदरचे देतो, ही आपली व्याख्या येथे लावून पाहिली तर अडचण दिसते. यासगर यांनी रान स्वतःचे दिले. रस्ता, शांतता, शेजाऱ्यांची कुंपणे आणि उभी पिके ही मात्र त्यांच्या पदरची नव्हती. शेजाऱ्यांनी पुढे त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. पुढच्या वर्षी पुन्हा मेळ्यासाठी रान देण्यास त्यांनी नकार दिला. १९७३ साली ते वारले.

तरीही बेथेलच्या कथेतील सर्वांत विचार करायला लावणारा भाग यासगर यांच्याविषयी नाही. तो शेजाऱ्यांविषयी आहे. उपाशी मुले दारात दिसू लागली तेव्हा आसपासच्या गावांतील माणसांनी घरातले अन्न बाहेर काढले. जवळच्या मॉन्टिसेलो गावातील ज्यू समाजकेंद्राच्या स्त्रियांनी हजारो सँडविचे करून पाठवली. ज्यांना कोणी विचारले नव्हते आणि ज्यांतल्या अनेकांचा विरोध होता, त्यांनीच खरा पाहुणचार केला. पदरचे देणारे यजमान ते ठरले.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, पाहा, गाव अखेर आनंदाने सामील झाले; मग आधीच्या विरोधाला काय अर्थ होता? हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो आणि या लेखाचे मुख्य म्हणणे येथेच आहे. भुकेल्याला अन्न देणे हे माणसाचे सौजन्य आहे. ते त्याच्या संमतीचे प्रमाणपत्र नव्हे. दारात आलेल्या मुलाला पोळी देणारी गृहिणी त्या मुलाला दारात आणून सोडणाऱ्या आयोजकाला क्षमा करते, असे त्यातून सिद्ध होत नाही. किंबहुना, न विचारता एखाद्याच्या चांगुलपणावर भिस्त ठेवणे हा त्या चांगुलपणाचा अधिकच मोठा गैरवापर आहे. कारण वाईट माणसाने दार लावून घेतले असते आणि भार चांगल्यावरच पडला. ज्या व्यवस्थेत चांगले असण्याचा दंड भरावा लागतो, ती व्यवस्था कितीही सुरेल असली तरी न्याय्य नव्हे.

तर मग होकार कोणाचा असावा? येथे तीन होकार वेगळे करून पाहावे लागतात. पहिला मालकाचा : रान माझे, मी ते देतो. दुसरा कायद्याचा : परवाना मिळाला, अटी पाळल्या. तिसरा शेजाऱ्याचा : त्रास मला होणार आहे आणि तो मी समजून-उमजून पत्करतो. पहिले दोन कागदावर येतात. तिसरा सहसा येत नाही. आणि जो कागदावर येत नाही तो नाहीच, असे मानण्याकडे आयोजकांचा कल असतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक शेजाऱ्याच्या होकाराशिवाय काहीच करायचे नाही असे ठरवले, तर जगात एकही मेळा भरणार नाही. वॉलकिलच्या रहिवाशांच्या विरोधात गर्दीची व घाणीची वाजवी भीती होती, तसाच लांब केसांच्या तरुणांविषयीचा दूषित ग्रहही होता. नकार देणारा नेहमी न्यायाच्याच बाजूचा असतो असे नाही. परका नको, वेगळा नको, आमच्या रस्त्यावर नको, या वृत्तीलाही ‘शेजाऱ्याचा हक्क’ हे गोंडस नाव देता येते. एकाच्या नकाराने सर्वांचा आनंद थांबवता येत असेल, तर तोही एक प्रकारचा जुलूमच. तेव्हा शेजाऱ्याला सर्वाधिकार देणे आणि त्याला गृहीत धरणे, या दोन टोकांच्या मधली वाट शोधावी लागते.

ती वाट इंग्लंडमधील पिल्टन या गावाने बऱ्याच अंशी शोधली आहे असे दिसते. सॉमरसेट परगण्यातील या गावाजवळ मायकेल ईव्हिस यांचा दुभत्या गुरांचा वर्दी फार्म आहे. १९७० साली त्यांनी तेथे पहिला संगीतमेळा भरवला. प्रवेशमूल्य एक पौंड, त्यात गोठ्यातले दूध फुकट; सुमारे दीड हजार माणसे आली. आज तोच ग्लास्टनबरी महोत्सव दोन लाखांवर लोकांना सामावून घेतो. मधल्या काळात सारे गोडीगुलाबीने घडले असे नाही. गावात तक्रारी झाल्या आणि १९८३ पासून स्थानिक संस्थेचा परवाना घेणे भाग पडले. त्या परवान्याबरोबर दर वेळी गर्दीची मर्यादा, आवाज, पाणी, सुरक्षा यांवर चर्चा आली. पिल्टनच्या रहिवाशांना मेळ्याची तिकिटे विनामूल्य मिळतात. आणि ठरावीक वर्षांनी मेळा मुद्दाम भरवलाच जात नाही. २००६, २०१२, २०१८ ही अशी वर्षे होती आणि २०२६ हे वर्षही तसेच ठरवण्यात आले. त्या वर्षी गुरांना चरायला रान मोकळे असते आणि गावालाही उसंत मिळते.

शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. रान पडीक ठेवल्याने त्याचा कस परत येतो, हे आपल्या खेड्यांतही पूर्वापार ठाऊक आहे. नवलाची गोष्ट एवढीच की, हा नियम जमिनीइतकाच माणसांच्या सहनशीलतेलाही लागू पडतो, हे एका गावाला उमगले. सहनशीलता ही सुद्धा एक जमीन आहे. तिच्यातून वर्षानुवर्षे पीक काढले आणि तिला विसावा दिला नाही, तर ती नापीक होते. पिल्टनच्या व्यवहारातून मला एक तत्त्व निघताना दिसते : शेजाऱ्याचा होकार हा एकदाच सही करून घ्यावयाचा दस्तऐवज नाही. तो हप्त्याहप्त्याने मागायचा असतो, दर वेळी नव्याने मिळवायचा असतो आणि तो परत घेण्याची मुभा शेजाऱ्याजवळ शिल्लक ठेवायची असते. जो होकार मागे घेता येत नाही, तो होकार नसून शरणागती होय.

पण या तत्त्वालाही एक गाठ आहे. ती सोडवण्यासाठी पुन्हा जिम्पीकडे वळले पाहिजे. ‘गाव’ म्हणताना आपण कोणाला मोजतो? १८६७ च्या सोन्याच्या आधी, गुरांच्या आणि गाण्यांच्या आधी, त्या भूमीवर काबी काबी लोक राहत होते. खुद्द ‘जिम्पी’ हे नाव त्यांच्याच भाषेतून आलेले, एका काटेरी झोंबऱ्या झाडाचे. १९८२ साली पहिला मेळा भरला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या कायद्याच्या लेखी त्या भूमीवर त्यांचा मूळ रहिवासी म्हणून हक्कच नव्हता. १९९२ च्या माबो खटल्याच्या निकालाने असा हक्क प्रथम मानला गेला आणि जिम्पी परिसरातील काबी काबींचा हक्क तर जून २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने मान्य केला. यात मेळा भरवणाऱ्या भावांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी आपल्या काळाच्या समजुतीने सर्वांना सामील केले. पण त्या ‘सर्वां’च्या यादीत कोण नव्हते, हे कळायला चार दशके लागली. हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याची गैरहजेरी कोणाच्या लक्षात येणार?

येथे हा विषय आपल्या अंगणात येतो. आपल्यापैकी अनेकांची घराणी अठराव्या शतकात मराठी सत्तेच्या पाठोपाठ माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास आली. तेव्हा त्या गावांचा होकार कोणी विचारला होता? सैन्य होकार विचारीत नसते. पुढे पिढ्या गेल्या, भाषा मिसळल्या, आपण तेथलेच झालो. पाहुण्याचे यजमान झालो. ग्वाल्हेरच्या गाण्याने तर त्या भूमीचे ऋण फेडले असे अभिमानाने म्हणता येईल. ज्या तानसेन समारोहाची शंभरावी आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये झाली, त्याची एक सभा तानसेनाचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या बेहट या खेड्यात भरते. तेथे गाव गाण्याकडे येत नाही, गाणे गावाकडे जाते आणि बेताच्या मंडळींत होते. मेळ्याचे आकारमान हेही नीतीचे एक अंग आहे, हे त्या छोट्या सभेकडे पाहून पटते.

आपल्या सार्वजनिक उत्सवांत मात्र हा विवेक नेहमी दिसतो असे म्हणवत नाही. जत्रेत यजमान देव असतो. म्हणून गर्दीबद्दल कोणाला जाब विचारावा हे भाविकाला सुचत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवात यजमान मंडळ असते, पण ते देवाच्या आड उभे राहते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम सांगतात. त्यांतच राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा आहे. ती सवलत मिळाली की मंडळाला वाटते, प्रश्न संपला. पण ती कायद्याची परवानगी झाली. समोरच्या घरातील आजारी वृद्धाची, परीक्षेला बसलेल्या मुलीची, पहाटे कामावर जाणाऱ्या अन्यभाषक शेजाऱ्याची परवानगी ती नव्हे. तो शेजारी वर्गणी देतो, प्रसाद घेतो आणि गप्प बसतो. ‘मौन म्हणजे संमती’ असे आपण सोयीने म्हणतो. बेथेलच्या स्त्रियांचे सौजन्य जसे संमती नव्हते, तसे हे मौनही नव्हे. परप्रांतात आपला उत्सव जपणे हा आपला हक्क आहेच. पण तो हक्क आपण बजावतो तो दुसऱ्याच्या सहनशीलतेच्या रानात, याचे भान सुटता कामा नये.

या सर्व विवेचनातून जे हाती लागते ते फार गूढ नाही. ज्याला उपद्रव व्हायचा आहे, त्याला तयारीच्या पहिल्या बैठकीलाच बोलवावे. मांडव पडल्यावर नव्हे. येणाऱ्यांची संख्या त्याला खरी सांगावी. लाभाचा वाटा राबणाऱ्याकडे आणि सोसणाऱ्याकडे आधी जावा. ज्याला सामील व्हायचे नाही, त्याच्या नकाराला शत्रुत्व समजू नये. त्याच्या दारापुढचा रस्ता मोकळा ठेवावा. आणि अधूनमधून एखादे वर्ष रान पडीक ठेवण्याची तयारी असावी. एवढे केल्यावरही कोणी ना कोणी नाराज राहील. त्या नाराजीसह मेळा भरवावा लागेल, पण ती नाराजी यजमानाने आपल्या खर्चाच्या बाजूला मांडली पाहिजे. ती हिशेबात नसल्याचे सोंग आणणे, हा खरा दोष.

यज्ञातला यजमान शेवटी ‘हे माझे नव्हे’ असे म्हणून आहुती सोडतो. गावाच्या वतीने यजमानपद घेणाऱ्याने तेच वाक्य जरा निराळ्या अर्थाने मनात धरले तरी पुरे आहे : मी जे देतो आहे, त्यातले बरेचसे माझे नव्हे; ज्याचे आहे, त्याला विचारले पाहिजे.